तिसऱ्या ड्रॉवरमधले थर्मामीटर

"सर, एकदा उजाड झालेल्या जागी परत उगवायला किती महिने लागतात? म्हणजे, गोळी रोज घेतली तर?"

हा प्रश्न मिठूने भूगोलाच्या तासाला, दुसऱ्या बाकावरून, उभं राहून आणि खणखणीत आवाजात विचारला. वनीकरणाचा धडा चालला होता. सरांनी फळ्यावर 'डोंगरउतारावरील वृक्षलागव' इथवर लिहिलं होतं, 'ड' राहिला होता. तो शेवटपर्यंत राहिला.

वर्ग आधी गप्प बसला, कारण आपण जे ऐकलं ते खरंच ऐकलं का, हे ठरवायला थोडा वेळ लागतो. मग हसला. अकरा सेकंद हसला. तिची मैत्रीण चष्मिशने घड्याळात बघून मोजलं. सर वळले. त्यांचा खडूचा हात आपोआप डोक्यावर गेला आणि खाली आला. केसांत तीन पांढऱ्या रेघा राहिल्या.

"झाडांना गोळी नसते," ते म्हणाले. "बसा."

मिठू बसली. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात थोर दिवस होता. निदान पुढचे तीन आठवडे तरी तिला तसं वाटलं.

आता मिठू म्हणजे कोण, तर नववीतली अशी मुलगी, जिचा आवाज मागच्या वर्षापर्यंत वर्गात फक्त हजेरीला ऐकू यायचा, तोही अर्धा. लहानपणी पाहुणे आले की ती आईच्या मागे जाऊन उभी राहायची आणि पाहुणे गेल्यावरच बाहेर यायची. म्हणून बाबांनी चिडवायला तिचं नाव मिठू ठेवलं, आणि ते चिकटलं. या वर्षी वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी एक मुलगी आजारी पडली. बाईंना समोर मिठू दिसली, त्यांनी तिला ढकललं, आणि मिठू 'प्लास्टिक' या विषयावर अशी काही सुटली की परीक्षकांनी दोनदा घंटी वाजवली तरी थांबेना. दुसरा नंबर आला. तेव्हापासून ती सगळीकडे बोलायची. रांगेत, जिन्यात, दात घासताना. इतकी वर्षं साठवलेलं सगळं एकदम बाहेर काढायचं म्हणजे वेळ लागणारच.

भूगोलाच्या सरांना शाळेत 'पठार' म्हणायचे. कारण सांगायला नको. पण गेल्या वर्षभरात पठारावर आधी लव दिसू लागली, मग कुरण, आणि आता तर मुलं त्यांना 'गवताळ प्रदेश' म्हणायला लागली होती. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी यावर रोज परिसंवाद चालायचा.

"विग आहे," चष्मिश म्हणायची. "जवळून बघ, कडा दिसते."

"विग वाऱ्याने हलतो. यांचा हलत नाही. हे मशिनने लावलेत," लांबोडी म्हणायची. तिच्या एका काकांनी लावले होते, त्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा असायचा.

"गोळी आहे," मिठू म्हणाली.

दोघी तिच्याकडे बघायला लागल्या. मिठूने जीभ चावली, पण शब्द तोवर नळाच्या पाण्याबरोबर वाहून गेला होता.

"तुला काय माहीत?"

"अंदाज."

"मग विचार त्यांनाच," लांबोडी म्हणाली. "भर वर्गात. हिंमत असेल तर."

हिंमत म्हणाल तर त्या दिवसांत मिठूकडे ढिगाने पडून होती.

पण तो अंदाज नव्हता. मिठूच्या आईचं औषधांचं दुकान होतं. दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये एक दार. आई तिथली फार्मासिस्ट, मालकीण आणि झाडूवाली, तिन्ही होती. पांढरा कोट घालून ती काउंटरमागे उभी राहिली की घरातली आई कुठेतरी आत राहायची आणि दुकानातली बाई वेगळीच असायची. कमी बोलणारी, चिठ्ठी दोनदा वाचणारी.

केस गळतीवरच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. पहिल्यांदा चिठ्ठी घेऊन येणारा प्रत्येक पुरुष एकच गोष्ट करायचा. दुकानात कोणी नाही ना हे बघायचा, चिठ्ठी उलटी ठेवायचा आणि खोकायचा. नंतर दर महिन्याला परत यायचं, आणि मागे कुणाची तरी आत्या नाहीतर शेजारीण उभी असताना गोळीचं नाव घ्यायचं, हे त्यांना जमत नसे. काहीजण नाव न घेताच परत जायचे. म्हणून आईने एक पद्धत पाडली होती. चिठ्ठी एकदा नीट तपासली, डॉक्टरांची तारीख लिहून घेतली, की ती हळू आवाजात सांगायची, "पुढच्या वेळी थर्मामीटर मागा."

मग ते यायचे आणि म्हणायचे, "थर्मामीटर आहे का?" आई तिसरा ड्रॉवर उघडायची आणि स्टेपल केलेली तपकिरी पिशवी पुढे ठेवायची. अशी बारा गिऱ्हाइकं होती. गेल्या वर्षी दुकानात एकशे चव्वेचाळीस वेळा थर्मामीटर मागितला गेला आणि एकही विकला गेला नाही. एकदा रांगेतल्या एका आजींनी विचारलंही होतं, "काय गं, कसली साथ आलीये का? पुरुषांनाच ताप येतोय." आई म्हणाली, "हवा बदलली की येतो."

पिशव्यांवर नावं नसत. आई कोपऱ्यात पेन्सिलीने एकेक शब्द लिहायची. 'कॅशियर'. 'गिटार'. 'भूगोल'. शनिवार-रविवारी मिठू काउंटरवर मदतीला बसायची. मुदत संपत आलेल्या बाटल्या पुढे काढायच्या, कापसाची पाकिटं लावायची. तिसऱ्या ड्रॉवरला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम होता. मिठूने तो एका शनिवारी मोडला. आई मागे चहा टाकायला गेली होती आणि ड्रॉवर समोर होता, यापलीकडे तिच्याकडे काही कारण नव्हतं.

प्रश्नानंतरचे तीन आठवडे मिठू शाळेत मान ताठ करून फिरली. आठवीतल्या मुली जिन्यात बाजूला व्हायच्या. लांबोडीने तो प्रसंग इतक्यांदा सांगितला की त्यात आता सरांच्या हातून खडू पडला होता आणि मुख्याध्यापक दारात उभे होते.

मग महिना संपला.

"भूगोल आले नाहीत," एका संध्याकाळी आई ड्रॉवर बंद करत म्हणाली. ती हे स्वतःशीच म्हणाली होती. मिठू कापसाची पाकिटं लावत होती. तिने एक पाकीट तीनदा लावलं.

"येतील की."

"पाच दिवस झाले. ते कधी दिवस चुकवत नाहीत."

आठव्या दिवशी कॅशियरही आला नाही. त्याची मुलगी मिठूच्याच वर्गात होती. तिने तो किस्सा जेवताना घरी सांगितला असणार, आणि कॅशियरचा घास हातातच राहिला असणार. दहाव्या दिवशी गिटारवाला गळाला. तीन पिशव्या तशाच पडून. आईचा चेहरा असा झाला की त्यापेक्षा कुणी दुकानाची काच फोडली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"सोडली असेल का त्यांनी?" मिठूने विचारलं. सहज विचारल्यासारखं.

"तेच तर कळत नाही."

"सोडली तर काय होतं?"

"लगेच काही नाही. पण जे आलंय ते हळूहळू जातं. वर्षभरात होतं तिथे माणूस परत येतो. सोडायचीच असेल तर खुशाल सोडावी, पण डॉक्टरांना सांगून. लाजून नाही."

मिठूने त्या दिवसापासून भूगोलाच्या तासाला भूगोल ऐकणं सोडलं. ती सरांचं डोकं बघायची. डावीकडून, उजवीकडून, आणि ते नकाशा टांगायला वळले की मागून. हजेरीपटावर एक केस पडलेला दिसला तर तास संपेपर्यंत ती तोच बघत राहायची. सर तिच्याशी नेहमीसारखंच वागत होते, हे आणखी वाईट होतं. ते रागावले असते, वह्या बघताना तिची वही बाजूला फेकली असती, तर हिशेब फिटल्यासारखं वाटलं असतं. ते फक्त तिच्या बाकाकडे बघायचे नाहीत. प्रश्न विचारायचे ते पहिल्या बाकाला, मग एकदम तिसऱ्याला. दुसरा बाक वर्गात नव्हताच.

"तू त्यांच्यावर फिदा झालीस का?" चष्मिशने विचारलं. "सारखी बघत असतेस."

"गप्प बस," मिठू म्हणाली. तिने बऱ्याच महिन्यांनी इतकं छोटं वाक्य उच्चारलं होतं.

रविवारी दुपारी दुकान बंद असायचं. त्या रविवारी तिघं जेवायला बसली होती. मिठूचे बाबा गाडी शिकवायचे. त्यांच्या गाडीच्या टपावर मोठ्या लाल अक्षरांत 'शिकाऊ' असा फलक होता आणि त्यांच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक. त्या ब्रेकमुळे ते आयुष्यात कधी घाबरत नाहीत, असं आई म्हणायची. ते पाण्याचा पेला भरत होते.

"मी उद्या सरांकडे जाऊन येते," आई म्हणाली.

"कुठल्या सरांकडे?" बाबांनी विचारलं.

"मिठूच्या भूगोलाच्या. माझ्याकडूनच काहीतरी झालंय. पिशवी देताना मी मोठ्याने बोलले असेन. नाहीतर पेन्सिलीचा शब्द कुणी वाचला असेल. तिघं एकदम थांबतात म्हणजे चूक दुकानाची. जाऊन माफी मागते आणि विचारते तरी."

मिठूच्या हातातला चमचा ताटात पडला. आई माफी मागणार होती. जिने बारा पुरुषांची गोष्ट वर्षानुवर्षं तोंडातून बाहेर काढली नव्हती, ती आई पांढरा कोट काढून, साधे कपडे घालून सरांच्या दारात उभी राहणार होती.

"आई, नको जाऊस."

"का?"

मग मिठूने सांगितलं. वक्तृत्वात जसं सांगायची तसं नाही; तुटक, मध्येच पाणी पिऊन, मागचं पुढे आणि पुढचं मागे. ड्रॉवर, पेन्सिल, नळ, वनीकरण, अकरा सेकंद. आई ऐकत राहिली. तिने ताट थोडं पुढे सरकवलं.

"सरांनी गोळी सोडली ती माझ्यामुळे," मिठू म्हणाली आणि रडायला लागली. "वर्षभरात त्यांचे सगळे केस जाणार. मी रोज बघते. हजेरीपटावर पडतात, आई."

"हजेरीपटावर सगळ्यांचेच पडतात," बाबा म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत? ते परत पठार होणार. आणि सगळे मला—"

"नाही होणार."

"बाबा, उगाच समजूत नका काढू."

बाबांनी पेला खाली ठेवला. मग उचलला. त्यात पाणी नव्हतं हे त्यांना तोंडाला लावल्यावर कळलं. "सरांनी गोळी सोडलेली नाही," ते म्हणाले. "ते पुलापलीकडच्या दुकानातून घेतात. बुधवारी मी बघितलं."

"पुलापलीकडच्या?" आई म्हणाली. "तुम्ही तिथे काय करत होतात?"

"तिथे चढावर गाडी थांबवायचा सराव चांगला होतो."

"चढ दुकानाच्या बाहेर आहे. तुम्ही आत काय करत होतात?"

बाबांच्या पायाशी या वेळी ब्रेक नव्हता. ते मिठूकडे बघत होते. मिठूचं नाक लाल झालं होतं आणि ती श्वास रोखून बसली होती. बाबांनी आईकडे न बघता सगळं सांगून टाकलं.

"रांगेत होतो. सर माझ्या पुढे होते. त्यांनी सवयीने थर्मामीटर मागितला. त्या दुकानदाराने दिला. सरांनी घेतला. मग ते परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, म्हणजे माझ्या मागे. मला काही ते मागे असताना मागता येईना. मी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. मग त्यांनी हळूच चिठ्ठी काढली. मग मी काढली. आम्ही दोघंही काही बोललो नाही. जाताना ते म्हणाले, आज उकडतंय."

मिठूचा रोखलेला श्वास सुटला. सर गोळी घेत होते. पठार होणार नव्हतं. तिला इतकं हलकं वाटलं की पुढचं वाक्य तिच्या कानावर थोडं उशिरा आलं.

"तुम्ही कसली चिठ्ठी काढलीत?" आई विचारत होती.

बाबांनी डोक्यावरून हात फिरवला. उत्तर म्हणून तेवढं पुरेसं होतं.

"किती दिवस?"

"चौदा महिने."

आई उठली, टेबलाला वळसा घालून त्यांच्या मागे गेली, आणि त्यांच्या टाळूकडे बघत उभी राहिली. गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचतात तशी तिने ती दोनदा वाचली.

"मला वाटलं तुम्ही भांग बदललात," ती म्हणाली.

"बदलला. पण नंतर. आधी बदलायला काही नव्हतं."

"बारा जण माझ्याकडे येतात. अनोळखी माणसं येतात. आणि घरातलं एक डोकं शिकाऊ माणसाला गाडी चालवायला लावून नदी ओलांडतं?"

"तू चिडशील म्हणून तिकडे गेलो, असं नाही."

"मग?"

"तू दुकानात वेगळी असतेस," बाबा म्हणाले. "चिठ्ठी बघतेस, मग माणसाकडे बघतेस. ते बघणं बाकीच्यांना चालतं. त्यांचं तुझ्याशी लग्न झालेलं नाही. लग्नाआधी तू मला म्हणाली होतीस, तुमचे केस छान आहेत. दुसरं काहीच म्हणाली नव्हतीस."

आईने त्यांच्या भांगावरून एक बोट फिरवलं. आणि मग तिच्यातली दुकानातली बाई पुढे आली, कारण घरातल्या आईला काय बोलावं ते सुचत नव्हतं.

"चिठ्ठी कुणाची?"

"त्वचेच्या डॉक्टरांची. खरी आहे."

"झोप लागते? उदास वगैरे वाटतं?"

"आत्ता वाटतंय."

"मस्करी नको. दोन महिन्यांपूर्वी तुमची पन्नाशीची तपासणी झाली. ती प्रोस्टेटची रक्ततपासणी केली होती ना? आकडा किती आला?"

"एक पूर्णांक नऊ. छान आहे म्हणाले."

"त्या डॉक्टरांना गोळीबद्दल सांगितलं होतं?"

बाबांनी रिकामा पेला पुन्हा भरायला घेतला.

"ही गोळी घेणाऱ्याचा तो आकडा साधारण निम्मा दिसतो," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "डॉक्टरांना माहीत असलं की ते दुप्पट धरून वाचतात. माहीत नसलं की छान म्हणतात. एक पूर्णांक नऊचे दुप्पट किती?"

"तीन पूर्णांक आठ," मिठू म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"ते वाईट आहे का?" बाबांनी विचारलं.

"ते मी नाही ठरवणार. घाबरण्यासारखं नसेलही. पण ज्याने ठरवायचं त्याला खरा आकडा ठाऊक नको का? अहो, लपवायचं तर सगळ्या जगापासून लपवा. एका माणसाला तरी माहीत हवं. म्हणून तर मी तो ड्रॉवर ठेवलाय."

बाबांनी मान हलवली. आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ तिथेच राहिला. मग ती खुर्चीवर येऊन बसली आणि तिने पहिल्यांदा मिठूकडे पाहिलं. मिठू या क्षणाची वाट बघत होती आणि तो येऊ नये असंही तिला वाटत होतं.

"गोळीचं ठीक आहे," आई म्हणाली. "सर घेतायत, उत्तम. कुठूनही घेऊ देत. पण तुला एक कळतंय का? त्यांना वाटत असेल मी सांगितलं. रात्री जेवताना, हसत हसत, नवऱ्याला आणि मुलीला. कॅशियरलाही तेच वाटत असेल. ते पुलापलीकडे गेले ते तुझ्या प्रश्नामुळे नाही. मी बोलले, असं वाटल्यामुळे."

मिठूला हे कळलं नव्हतं. इतके दिवस तिने केस मोजले होते, आणि मोजायची गोष्ट वेगळीच होती.

"तू काही बोलली नाहीस," ती म्हणाली.

"मला माहीत आहे. त्यांना नाही."

"मी सांगतो सरांना," बाबा म्हणाले. "आमची तशी ओळख आहे."

"कुठली? रांगेतली?"

"मग काय, मिठूने जाऊन सांगायचं? त्या माणसाची परत शोभा व्हायची. वर्गात वगैरे काही नको हं."

"वर्गात नाहीच," आई म्हणाली. "आणि चिठ्ठी लिहूनही नको, चिठ्ठ्या सापडतात. मलाच जावं लागेल."

दोघंही यावर बोलू लागली, जणू मिठू अजून पाहुणे आल्यावर आईच्या मागे उभी राहणारी तीच मुलगी होती. मिठूने नाक पुसलं. खुर्ची मागे सरकवली आणि ती उभी राहिली. तिला उभं राहूनच बोलता यायचं, ते स्पर्धेपासून.

"उद्या मधल्या सुट्टीत सर नकाशांच्या खोलीत एकटे असतात," ती म्हणाली. "मी तिथे जाणार आहे. एकटी. लांबोडी नाही, चष्मिश नाही, तुम्ही दोघं तर नाहीच. मी त्यांना सांगणार आहे की आईने कधीच कुणाला काही सांगितलं नाही, ड्रॉवर मी उघडला होता, आणि प्रश्नही माझाच होता. गोळीचं नाव मी घेणार नाही. मग कॅशियरच्या मुलीला गाठून सांगेन की मी नळापाशी फुशारकी मारली, दुकानाचा त्यात काही संबंध नाही. मैत्रिणी मला काय म्हणायचं ते म्हणू देत. आणि आई, तू स्वतःहून बोलावेपर्यंत मी काउंटरच्या आत पाय ठेवणार नाही. बाबा, तुम्ही उद्याच तपासणीवाल्या डॉक्टरांकडे जायचं, शिकाऊ माणसाला घरी सोडून. हे मी विचारत नाहीये. मी ठरवलंय."